कृपादाने आणि त्यांचे कारभारी

ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणसाच्या अंगचा गुण त्याच्या मालकीचा नसतो. गोड गळा, तल्लख बुद्धी, कसबी हात, हिशेबातला चोखपणा, माणसे जोडण्याची हातोटी, आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसण्याची चिकाटी हे सारे देवाने सोपवलेले असते. ज्याने सोपवले त्याच्याच कामी ते लावायचे असते. मराठी बायबलमध्ये या गुणांना ‘कृपादाने’ आणि ते बाळगणाऱ्याला ‘कारभारी’ म्हटले आहे. कारभाऱ्याच्या हाती घर असते, शेत असते, तिजोरीची किल्ली असते. हिशेब मात्र धन्याला द्यावा लागतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात ही शिकवण अगदी थोडक्यात आली आहे. ज्याला जे दान मिळाले आहे ते त्याने इतरांच्या कारणी लावावे, असे ते पत्र सांगते. दान देवाकडून येते, त्याचा उपयोग शेजाऱ्याला होतो आणि गौरव पुन्हा देवाकडे जातो. देवाला कोणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याची सेवा माणसांच्या सेवेतूनच करायची, हा या साऱ्या विचाराचा गाभा आहे.

याची मुळे जुन्या करारात आहेत. इस्राएल लोक मिसर देशातून निघून रानात भटकत असताना देवाच्या उपासनेसाठी निवासमंडप उभारण्याचे ठरले. निर्गम या पुस्तकात त्या कामासाठी दोघांची नावे येतात, यहूदा वंशातला बसालेल आणि दान वंशातला अहलियाब. देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले आणि त्यामुळे त्याला सोन्यारुप्याचे, पितळेचे, रत्ने कोंदणात बसवण्याचे आणि लाकडाच्या कोरीवकामाचे कसब आले, असे तिथे म्हटले आहे. बसालेल पुरोहित नव्हता, संदेष्टाही नव्हता. तो कारागीर होता, आणि छिन्नी-हातोड्याच्या कामालाही देवाचा आत्मा लागतो असे या कथेने सांगितले. त्या दोघांना दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली होती, हा तपशील सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हातातले कसब स्वतःपुरते न ठेवता शिकाऊ माणसे तयार करणे हाही दानाचाच भाग धरला आहे. याच प्रकरणांत सूत कातणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो. लोकांनी कामासाठी इतके साहित्य आणून टाकले की शेवटी त्यांचा पुढारी मोशे याला ‘आता पुरे’ अशी दवंडी पिटवावी लागली.

नव्या करारात येशूने सांगितलेला एक दाखला या विषयाचा आधारस्तंभ मानला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात परदेशी निघालेला धनी आपल्या तीन दासांकडे पैसा सोपवतो. ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे एकाला पाच टॅलेंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा भीतीपोटी आपला वाटा जमिनीत पुरतो आणि धनी परतल्यावर जसाच्या तसा परत करतो. धनी त्याच्यावर रागावतो. टॅलेंट हे त्या काळातले चांदीचे मोठे वजन होते. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याही हाती जवळपास वीस वर्षांची मजुरी होती. त्याला काहीच मिळाले नव्हते, अशी तक्रार हा दाखला वाचून करता येत नाही. त्याची चूक अपयशाची नव्हती. त्याने काही करूनच पाहिले नाही, आणि धन्याला कठोर समजून तो घाबरून बसला. याच अध्यायात पुढे येशू अखेरच्या न्यायाविषयी बोलतो. तिथे भुकेल्याला अन्न दिले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस केली का, असे प्रश्न विचारले जातात. दोन्ही भाग एकत्र वाचले की टॅलेंट कुठे गुंतवायचे हे कळते.

पहिल्या शतकाच्या मध्यास, साधारण इसवी सन ५५ च्या सुमारास, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पत्र लिहिले ते तिथल्या भांडणांमुळे. करिंथ हे श्रीमंत बंदर होते आणि तिथल्या नव्या ख्रिस्ती मंडळीत कोणाचे दान मोठे यावरून चढाओढ लागली होती. आत्म्याच्या प्रेरणेने अगम्य भाषा बोलणारे स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजत. पौलाने त्यांना शरीराची उपमा दिली. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणू शकत नाही आणि जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक आवश्यक असतात, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याच्या पत्रांतल्या दानांच्या याद्या पाहिल्या तर आजच्या वाचकाला नवल वाटेल. भविष्यवाद, रोग बरे करणे, भाषा बोलणे यांच्या बरोबरीने शिकवणे, साहाय्य करणे, व्यवस्था पाहणे, उदार हाताने देणे, हसतमुखाने दया करणे हीही दाने तिथे आहेत. मंडळीचा जमाखर्च नीट ठेवणारा आणि चमत्कार करणारा एकाच यादीत बसतात. दोन प्रकरणे दानांवर खर्च करताना पौलाने त्यांच्या मधोमध प्रीतीवरचे प्रसिद्ध प्रकरण घातले, तेही हेतुपुरस्सर. प्रीती नसेल तर सर्व दाने पोकळ आहेत, हा त्याचा निष्कर्ष पुढच्या दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती चिंतनात कधी मागे पडला नाही.

आरंभीच्या मंडळीचे व्यवहार या शिकवणीला धरून होते. यरुशलेमात विधवांना रोजचे अन्न वाटण्यात पक्षपात होतो अशी तक्रार आली, तेव्हा त्या कामासाठी सात माणसे निवडण्यात आली. जेवण वाढण्याच्या त्या कामालाही ‘आत्म्याने परिपूर्ण’ माणसेच हवीत, अशी अट होती. यापो गावची टबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, शिवणकाम करी. ती वारल्यावर गावातल्या विधवा रडत रडत तिने शिवून दिलेले कपडे पेत्राला दाखवत होत्या, असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. तिच्या उपदेशाचा एक शब्दही त्यात नाही. स्वतः पौल तंबू शिवून पोट भरत असे, आणि त्याच धंद्यातले अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्याचे सहकारी होते.

जन्मजात गुण आणि कृपादान एकच की वेगळे, याबद्दल ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. पेंटेकॉस्टल मंडळ्या भाषा बोलणे, भविष्यवाद, आरोग्यदान या अलौकिक दानांवर भर देतात आणि ती आजही मिळतात असे मानतात. काही प्रोटेस्टंट पंथांच्या मते ती प्रेषितांच्या काळापुरती होती. जुन्या परंपरेची चर्चेस सर्वसाधारणपणे असे मानतात की निसर्गतः मिळालेला गुणही देवाचाच असतो, आणि तो त्याच्या चरणी वाहिला की कृपा त्याला वेगळे तेज देते. सामान्य ख्रिस्ती माणसाच्या जगण्यात ही सीमारेषा फारशी जाणवत नाही.

मध्ययुगीन युरोपात मात्र देवाची सेवा म्हणजे मठात जाणे किंवा धर्मगुरू होणे, ही समजूत पक्की झाली होती. मार्टिन ल्यूथरने १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत तिला धक्का दिला. चांभार, लोहार, शेतकरी हे सारे बाप्तिस्म्याने याजकच आहेत आणि प्रत्येकाने आपल्या धंद्यातून इतरांच्या उपयोगी पडावे, असे त्याने मांडले. त्याच परंपरेत वाढलेला योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून मृत्यूपर्यंत लाइपझिगच्या चर्चचा संगीतप्रमुख होता. आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी तो ‘गौरव केवळ देवाला’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे लिहीत असे. कॅथलिक चर्चमध्ये १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामान्य श्रद्धावंतांच्या कृपादानांना स्पष्ट मान्यता दिली.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या ख्रिस्ती इतिहासात या शिकवणीची विलक्षण उदाहरणे सापडतात. तो इतिहास चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. सर्वांत टिकाऊ काम त्यांच्याच हातून झाले, ज्यांनी या मातीतले गुण, इथली भाषा, इथले छंद आणि इथली विद्या देवाच्या कामी लावली. परदेशातून जसेच्या तसे उचललेले फार काळ तगले नाही.

इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टीच्या गावांत सुमारे चाळीस वर्षे राहिले. भाषा आत्मसात करण्याची त्यांची शक्ती असामान्य होती. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे ऐकण्याची सवय सुटली होती आणि तिच्या जागी त्यांना काहीतरी हवे होते. ते ओळखून स्टीफन्स यांनी ओवी छंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला. जन्माने इंग्रज असलेल्या या माणसाने मराठीची स्तुती अशा प्रेमाने केली की मराठीच्या थोरवीचा विषय निघाला की आजही तिची आठवण निघते. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला, तरी ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती घराघरांत टिकल्या. १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली.

विल्यम कॅरी हे इंग्लंडमधले चांभार. १७९३ साली ते बंगालमध्ये आले आणि पुढे श्रीरामपूरला राहिले. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठीत बायबलची भाषांतरे काढली. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. सिंथिया फरार या मिशनरी शिक्षिकेची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुले प्रभावित झाले होते. बाबा पदमनजींनी १८५७ साली विधवांच्या स्थितीवर ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली, जिला मराठीतली पहिली कादंबरी मानले जाते. या प्रत्येकाच्या हाती एकच साधन होते, लेखणी किंवा खडू.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण मात्र थोडे थांबून पाहावे असे आहे. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच कवी होते. धर्म बदलला तेव्हा प्रतिभा बदलली नाही. तिचा धनी बदलला. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हणत. शब्द मराठी असले तरी सूर परका, आणि परक्या सुराला बसवण्यासाठी मराठीची तोडमोड होई. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या अहमदनगरच्या पदकर्त्यांनी देशी चालींची वाट आधीच धरली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. अभंग, पद, कीर्तन हे वारकरी परंपरेतले प्रकार त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरले, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मोकळेपणाने मानीत. ‘अभंगांजली’ आणि शेकडो पदे त्यांच्या हातून झाली. आजही महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत रविवारची उपासना त्यांच्या पदांशिवाय पुरी होत नाही. ज्यांना टिळकांचे नावही ठाऊक नाही अशी खेड्यातली माणसे ती तोंडपाठ म्हणतात. कवीच्या दानाला याहून मोठी पावती नसावी.

टिळकांचे घरही त्यांच्या दानासारखेच उघडे होते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, काही काळ त्यांच्याकडे राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुरे केले लक्ष्मीबाई टिळकांनी. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या, सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने कोलमडून पडलेल्या आणि १९०० साली स्वतः विचार करून ख्रिस्ती झालेल्या या बाईंच्या अंगी लेखनाचे दान आहे, हे त्यांच्या तरुणपणी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांची साठी उलटली होती. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान आजही अढळ आहे. दान कधी प्रकट होईल हे ठरवणे माणसाच्या हाती नसते, आणि म्हणून म्हाताऱ्या माणसांना ‘आता तुमचे झाले’ असे सांगणारी मंडळी फार मोठी चूक करते.

पंडिता रमाबाई या विषयावरचा जणू एक पूर्ण ग्रंथच आहेत. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत आई-वडिलांकडून मिळाले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते लेकीला दिले. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावल्यावर भावासोबत फिरत फिरत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. गोदूबाई, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, या सदनाच्या विद्यार्थिनी.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यातून पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे शेकडो स्त्रिया आणि मुली राहू लागल्या, आणि रमाबाईंनी प्रत्येकीच्या हातात काय आहे ते शोधायला सुरुवात केली. विणकाम, शिवणकाम, शेती, दुग्धालय, तेलघाणा, छापखाना अशी कामे निघाली. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. ते रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी चालवले. समाजाने ज्यांना ओझे म्हणून टाकून दिले होते त्या मुलींना तिथे कंपोझिटर, शिक्षिका, परिचारिका, विणकर म्हणून ओळख मिळाली. आश्रितांना दान देणे सोपे असते. आश्रितांमध्येही दान आहे असे मानून त्यांच्या हाती काम देणे कठीण, आणि रमाबाईंनी कठीण तेच निवडले.

याच केडगावात १९०५ साली प्रार्थनेची मोठी जागृती झाली. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात मुक्तीचे नाव आदराने घेतले जाते ते या घटनेमुळे. प्रार्थनेत भारावलेल्या मुली पुढे गटागटाने गावोगाव सुवार्ता सांगायला निघाल्या. छापखान्यातले खिळे जुळवणारे हात आणि प्रार्थनेत उंचावलेले हात एकाच आवारात होते. अलौकिक दान श्रेष्ठ की रोजचे काम, हा करिंथचा वाद केडगावला उद्भवण्याचे कारणच नव्हते.

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम बायबलचे भाषांतर हे होते. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या बायकांना कळत नाही, हे त्यांना सलत होते. त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि एकहाती संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. संस्कृतची पंडिता साध्या बोलीसाठी आपले पांडित्य बाजूला ठेवते, या कृतीत कारभारीपणाचा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो. विद्या दाखवण्यासाठी नसते, ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी असते. १९२१ साली मनोरमा वारल्या. तो घाव सोसून रमाबाई शेवटपर्यंत कामात राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल १९२४ साली बाहेर पडले.

वैद्यकीय सेवेत या विचाराला मोठे रूप आले. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेला रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेतला त्यांचा हात इतका नावाजला की मिरज हे वैद्यकीय उपचारांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. इथल्या तरुणांना त्यांनी वैद्यकीय शिक्षणही दिले. बसालेलाप्रमाणे शिकवण्याचे दान त्यांनी कसबाइतकेच महत्त्वाचे मानले. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मेरी वर्गीस यांची कहाणी घडली. कोचीनच्या या तरुण डॉक्टरला १९५४ साली अपघातात कमरेखाली लुळेपणा आला. तिथलेच सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी तिला धीर दिला. चाकाच्या खुर्चीत बसून तिने कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे न्यूयॉर्कला पुनर्वसन वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वेल्लोरला त्या विषयाचा विभाग उभा केला. १९७२ साली तिला पद्मश्री मिळाली. खुर्चीत बसलेली डॉक्टर पाहून अपंग रुग्णांना जो धीर येई, तो धडधाकट डॉक्टरला देता आला नसता.

प्रत्येक दानाचे मंडळीत स्वागत होतेच असे नाही. गोव्यातील सांतो इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि ख्रिस्ताच्या कथा भारतीय चेहऱ्यांत आणि भारतीय रंगांत रंगवल्या. युरोपीय चित्रांना सरावलेल्या गोव्यातल्या अनेकांना ते रुचले नाही आणि त्यांच्यावर टीका झाली. फोन्सेका पुण्याला आले. तिथे ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला आणि आयुष्यभर ते तीच चित्रे काढत राहिले. १९६७ साली ते वारले. त्यांची चित्रे आता पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात जतन केली आहेत. ज्या गोव्याने त्यांना दूर लोटले तिथेच ती अखेर पोहोचली, आणि मधली सारी वर्षे मंडळीच त्या दानाला मुकली.

दान ओळखायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर परंपरेने मंडळीकडे सोपवले आहे. माणूस स्वतःबद्दल फसू शकतो. आपला गळा गोड आहे असे वाटणाऱ्याला तो तसा नाही हे शेजारी सांगू शकतो, आणि आपल्याला काहीच येत नाही असे म्हणणाऱ्या बाईकडे मुले का धावत जातात हे रविवार शाळेतल्या इतर शिक्षिकांच्या आधी लक्षात येते. म्हणून प्रार्थना, थोडे करून पाहणे, आणि जाणत्यांचा सल्ला अशी तिहेरी वाट सांगितली जाते. ज्या कामात थकवा येऊनही समाधान मिळते आणि ज्याचा इतरांना खरोखर उपयोग होतो, तिथे दान असण्याची शक्यता अधिक. गुणाला सराव लागतो, ही गोष्टही विसरता येत नाही. टिळकांच्या पदांमागे छंदांचा अभ्यास होता आणि रमाबाईंच्या भाषांतरामागे वर्षानुवर्षांची इब्री-ग्रीकची घोकंपट्टी. देवाने दिले म्हणून मेहनत नको, हा युक्तिवाद आळशाचा आहे.

दानांना धोकेही आहेत, आणि ते करिंथच्या काळापासून फारसे बदललेले नाहीत. पुढे दिसणाऱ्या कामाला मान मिळतो, मागच्या कामाला मिळत नाही. व्यासपीठावर गाणाऱ्याचे नाव होते. उपासनेआधी चटया अंथरणाऱ्याचे होत नाही. श्रीमंताला मंडळीतले पद सहज मिळते, मग त्याला व्यवस्थेचे दान असो वा नसो. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही अशा एकाच माणसावर दहा कामे पडतात आणि तो काही वर्षांत थकून दूर होतो. स्त्रियांच्या दानांचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळू शकते. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरुपद पुरुषांनाच आहे. तरी ज्या मंडळ्यांनी स्त्रियांना दीक्षा द्यायचे ठरवले, त्यांच्यातही व्यासपीठापेक्षा स्वयंपाकघरातच त्यांची आठवण अधिक होते, हे मान्य केले पाहिजे.

अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी टिळक-रमाबाईंच्याच वाटेवर काम केले. वसईत जन्मलेले हे धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी झालेल्या लढ्यात ते पुढे होते आणि लेखणी हे त्यांचे मुख्य हत्यार होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठी मंडळ्यांपुढे आज काही साधी कामे आहेत. टिळकांची पदे मूळ चालींवर म्हणणारे, ख्रिस्ती कीर्तन ऐकलेले आणि केलेले वयस्क लोक अजून गावोगाव भेटतात. त्यांच्याकडून ते शिकून घेणारी तरुण मुले हवीत. वार्षिक सभेत रिकामी पदे भरताना आधी माणसे पाहावीत आणि मग पदे वाटावीत. आणि प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा तरी स्वतःहून पुढे न येणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना काय येते हे विचारावे.